कॅरोलायनातल्या शनिवारच्या शर्यती : आबांबरोबर एक आठवडा

शुक्रवार, रॅले

स्टॉक कार रेसिंग, म्हणजे साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या गोल ट्रॅकवरच्या शर्यती, म्हटलं की आपल्या लोकांना टीव्हीवरचं नॅसकार, म्हणजे या शर्यती भरवणारी अमेरिकेतली मोठी संस्था, आठवतं, डेटोना वगैरे, मोठाले स्टेडियम, करोडोंचे स्पॉन्सर. पण त्याच्या खाली अख्ख्या अमेरिकेत शेकडो छोटे ट्रॅक आहेत, पाव मैलाचे, अर्ध्या मैलाचे, आणि तिथे मार्च-एप्रिलपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला गावातलीच माणसं आपापल्या गाड्या घेऊन येतात, पॉइंट्स जमवतात, आणि सीझन संपला की त्या ट्रॅकचा त्या वर्षीचा चॅम्पियन ठरतो. मी या वर्षी एप्रिलपासून हा सीझन फॉलो करतेय आणि मला मनापासून वाटतं की या खेळाचा जीव इथे आहे, टीव्हीवर नाही.

आबा जुलैच्या शेवटी कोल्हापूरहून आले. मागच्या वेळी नायगारा, न्यूयॉर्क सगळं दाखवून झालं होतं आणि ते शहाण्या मुलासारखे सगळीकडे उभे राहून फोटो काढून आले होते, पण उद्यमनगरात अख्खं आयुष्य लेथवर काढलेल्या माणसाला काचेच्या बिल्डिंगी किती वेळ बघायला आवडणार. म्हणून यावेळी ठरवलं, शर्यती दाखवायच्या. नॉर्थ कॅरोलायनात राहून हे दाखवलं नाही तर काय दाखवलं.

सुरुवात घराजवळून, रॅलेच्या दक्षिणेला वेक काउंटी स्पीडवे, पाव मैलाचा डांबरी ट्रॅक. संध्याकाळी उन्हं उतरली तरी उकाडा भयंकर. कानात बोळे घातले, आबा म्हणाले मला नको, वर्कशॉपची सवय आहे, आणि पहिल्या दोन लॅप्समध्येच हात पुढे करून बोळे मागून घेतले. छोटी शर्यत, छोट्या गाड्या, काही तर जुन्या चारसिलिंडर घरगुती गाड्यांनाच आत पाइपचा पिंजरा वेल्ड करून बनवलेल्या. मी शर्यत बघत होते आणि आबा कुंपणापलीकडे पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, एक पोरगा वाकडा झालेला बंपर घणाने सरळ करत होता ते बघत होते. गाडी परत ट्रॅकवर गेली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, शर्यत कोण जिंकलं ते त्यांनी विचारलंच नाही.

शनिवार, विन्स्टन-सेलम

आजचा दिवस मोठा. बोमन ग्रे स्टेडियम. १९४९ पासून इथे नॅसकारच्या साप्ताहिक शर्यती होतात, इतका जुना साप्ताहिक ट्रॅक नॅसकारकडे दुसरा नाही. स्टेडियम शहराच्या मालकीचं आहे आणि नाव आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीच्या प्रमुखाचं, ज्या कंपनीच्या विन्स्टन सिगारेटने पुढे १९७१ पासून २००३ पर्यंत नॅसकारची सगळ्यात मोठी मालिका स्पॉन्सर केली. हे शहरच तंबाखूवर उभं राहिलेलं, त्यामुळे त्यात आश्चर्य काही नाही.

आत शिरलं की आधी कळतच नाही ट्रॅक कुठाय. मधे फुटबॉलचं मैदान, शरद ऋतूत तिथे विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीचे सामने होतात, आणि मैदानाच्या भोवती पाव मैलाची डांबरी पट्टी, जवळजवळ सपाट, बँकिंग, म्हणजे वळणावरचा तिरका उतार, नावालाच. त्या पट्टीवर वीसेक मॉडिफाइड गाड्या एकदम सुटतात. मॉडिफाइड म्हणजे जमिनीला चिकटलेली बुटकी गाडी, रुंद टायर, चाकांवर मडगार्ड नाहीत, पुढची चाकं पूर्ण उघडी. चांगली गाडी एक लॅप चौदा सेकंदांच्या आत मारते, म्हणजे सरळ पट्टा सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो आणि परत डावीकडे वळायचं, परत डावीकडे, परत डावीकडे. ओव्हरटेक करायला जागाच नाही त्यामुळे पुढच्याच्या मागच्या बंपरला आपलं नाक लावायचं, जरा ढकलायचं, तो वळणावर थोडा वर सरकला की आतून घुसायचं. ज्याला ढकललं तो विसरत नाही. पुढच्या शनिवारी तोच माणूस त्याच वळणावर भेटणार असतो ना. इथले लोक या जागेला मॅडहाउस म्हणतात.

पण मला त्या धक्काबुक्कीपेक्षा प्रेक्षक जास्त आवडतात. साधारण सतरा हजार माणसं मावतात. आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, सगळे टोप्या काढून उभे, आणि मग ड्रायव्हरांची नावं पुकारायला लागले की अर्धं स्टेडियम ओरडतंय आणि अर्धं हुर्यो करतंय. बर्ट मायर्सची माणसं वेगळी आणि टिम ब्राउनची वेगळी, दोघांनीही इथे मॉडिफाइडमध्ये वर्षानुवर्षं शर्यती आणि चॅम्पियनशिपा जिंकल्यात. आमच्या पुढच्या ओळीत तीन पिढ्या बसल्या होत्या, आजी मायर्सची आणि नातू ब्राउनचा, आणि आजीने नातवाला दर लॅपला काहीतरी सुनावलं.

मायर्स घराण्याची गोष्ट मी आबांना दोन शर्यतींच्या मधे सांगितली. बॉबी आणि बिली मायर्स दोघे भाऊ, याच ट्रॅकवर पळायचे. बॉबी १९५७ मध्ये डार्लिंग्टनच्या सदर्न ५०० शर्यतीत अपघातात गेला. पुढच्याच वर्षी बिलीला शर्यत चालू असताना इथेच, बोमन ग्रेवर, हार्ट अटॅक आला आणि तोही गेला. बिलीचा मुलगा गॅरी इथे पळाला आणि गॅरीची मुलं बर्ट आणि जेसन. म्हणजे आजोबा जिथे गेले त्याच पट्टीवर नातू दर शनिवारी गाडी घालतो. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, "आणि बाकीची माणसं अजून त्यांच्या नावानं ओरडत्यात. बरं वाटलं."

२०२५ च्या फेब्रुवारीत नॅसकारने आपली क्लॅश नावाची मोठी शर्यत इथे आणली, देशभरातले स्टार ड्रायव्हर आले, आणि मायर्स आणि ब्राउन दोघेही त्यांच्यात जाऊन उतरले. मुख्य शर्यत चेस एलियटने जिंकली. पण आज ऑगस्टच्या शनिवारी त्या झगमगाटातलं काही नव्हतं, आणि स्टेडियम तरीही भरलेलंच होतं.

रात्री उशिरा हॉटेलवर. कपड्यांना रबराचा वास.

रविवार, विल्क्स काउंटी

सकाळी यूएस ४२१ ने पश्चिमेला निघालो. विल्क्स काउंटीत या रस्त्याच्या एका तुकड्याला ज्युनियर जॉन्सनचं नाव दिलंय. या बाजूला डोंगर सुरू होतात, ब्लू रिजच्या पायथ्याशी, आणि याच दऱ्याखोऱ्यांत एकेकाळी हातभट्टीची दारू गाळली जायची आणि रात्री गाडीत भरून खाली शहरांत पोचवली जायची. पोलिसांच्या पुढे पळायचं म्हणून पोरांनी गाड्यांची इंजिनं बदलली, मागे दारूचं वजन टाकल्यावर गाडी बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक केल्या, आणि हीच पोरं रविवारी एकमेकांशी शर्यती लावायला लागली. ज्युनियर जॉन्सन त्यातलाच. १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, अकरा महिने तुरुंगात काढले, बाहेर येऊन परत शर्यतींत उतरला, ड्रायव्हर म्हणून वरच्या मालिकेत ५० शर्यती जिंकल्या, मग टीमचा मालक म्हणून चॅम्पियनशिपा. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली. हे सगळं ऐकून आबांचा प्रश्न एकच, स्प्रिंग कुठली लावायचे, म्हणजे कुठल्या गाडीची काढून कुठल्या गाडीला. मला माहीत नव्हतं.

नॉर्थ विल्क्सबोरो स्पीडवे. रस्त्यावरूनच स्टँड दिसतात. १९४७ मध्ये सुरू झालेला ०.६२५ मैलाचा ट्रॅक, म्हणजे साधारण एक किलोमीटर, आणि याचं वैशिष्ट्य म्हणजे हा सपाट जमिनीवर नाहीच. पुढचा सरळ पट्टा उताराचा आणि मागचा चढाचा. सांगतात की बांधणाऱ्या इनॉक स्टेलीचे पैसे जमीन सपाट करायच्या आधीच संपले, म्हणून डोंगर होता तसाच ठेवून वर ट्रॅक घातला. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये जेफ गॉर्डनने इथली शेवटची मोठी शर्यत जिंकली आणि मग दोन मोठ्या ट्रॅकमालकांनी जागा विकत घेऊन शर्यतींच्या तारखा आपापल्या ट्रॅककडे नेल्या. त्यानंतर ट्रॅक नुसता पडून. डांबराला भेगा, त्यात गवत, स्टँडचं लाकूड कुजलेलं. मधे काही वर्षं थोड्या शर्यती झाल्या, परत बंद.

मी आठेक वर्षांपूर्वी या रस्त्याने जाताना तो तसा पडलेला पाहिला होता म्हणून मला आज फार भरून आलं. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं त्याच्यासाठी आवाज उठवला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नॅसकारचा माजी स्टार ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि मंडळींनी येऊन गवत काढून ट्रॅक साफ केला, तोही निदान कॉम्प्युटर गेममध्ये तरी तो जिवंत राहावा म्हणून, स्कॅन करण्यासाठी. मग २०२१ मध्ये राज्याने कोविडनंतर आलेल्या मदत निधीतून १.८ कोटी डॉलर दिले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये इथे परत शर्यती सुरू झाल्या, त्यातली मोठी ३१ ऑगस्टची. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ती शर्यत मोठ्या स्टारलोकांची नव्हती, कार्स टूर नावाच्या प्रादेशिक मालिकेची होती, लेट मॉडेल स्टॉक गाड्यांची, म्हणजे याच शनिवारवाल्या मंडळींची. कार्सन क्वापिल जिंकला, डेल ज्युनियर स्वतः उतरून तिसरा आला. तिकिटं सगळी संपलेली. त्यानंतर २०२३ ते २०२५ नॅसकारची ऑल-स्टार शर्यत इथे झाली, पण दरवाजा उघडला तो प्रादेशिक रेसिंगने, हे कुणी विसरू नये.

आबांनी कुंपणातून तो चढ बघितला आणि म्हणाले, चढावर गिअर रेशो वेगळा पाहिजे आणि उतारावर वेगळा, मग एका गाडीत दोन्ही कसं बसवायचं? बरोबर तोच तर इथला प्रश्न आहे, सेटअप करणाऱ्याला कुठेतरी तडजोड करावीच लागते.

सोमवार, शार्लट

नॅसकार हॉल ऑफ फेम. २०१० मध्ये उघडलं. चांगलं आहे, स्वच्छ आहे, आत एक चढत जाणारा रॅम्प आहे ज्याचं बँकिंग हळूहळू ३३ अंशांपर्यंत वाढत जातं आणि त्यावर जुन्या गाड्या लावल्यात, तिथे उभं राहिल्यावर कळतं की एवढ्या तिरक्या भिंतीवर गाडी चालवणं म्हणजे काय. एसी होता हेही बरं. पण गाड्या सगळ्या पुसून चकाचक केलेल्या आणि हात लावायचा नाही. दुपारी बाहेर पडलो.

मंगळवार, लेव्हल क्रॉस

रँडलमनजवळ लेव्हल क्रॉस हे चार घरांचं गाव आणि तिथे पेटी या आडनावाच्या रेसर घराण्याचं म्युझियम. ली पेटीने १९५९ ची पहिली डेटोना ५०० जिंकली, तीही इतकी अटीतटीची की निकाल लागायला तीन दिवस गेले, फोटो आणि न्यूजरील बघून ठरवलं. त्याचा मुलगा रिचर्ड, २०० शर्यती आणि सात चॅम्पियनशिपा, एकट्या १९६७ मध्ये २७ शर्यती आणि त्यातल्या दहा सलग. त्या दोनशेंतली शंभरावी १९६९ मध्ये, कुठे, तर परवा आपण बसलो होतो त्या बोमन ग्रेवर.

आबांना मात्र रिचर्डपेक्षा त्याचा भाऊ मॉरिस जास्त भावला, कारण मॉरिस इंजिनं बनवायचा. आणि चुलतभाऊ डेल इनमन क्रू चीफ. म्हणजे एकाने चालवायची, एकाने इंजिन बांधायचं, एकाने बाकीचं सगळं बघायचं, आणि सगळं सुरू झालं ते घराशेजारच्या शेतीची अवजारं ठेवायच्या शेडमध्ये, मातीच्या जमिनीवर. तिथे एका इंजिनापुढे आबा जे थांबले ते थांबलेच. चष्मा कपाळावर चढवून सिलिंडर हेडची फिनिशिंग बघत होते. मला म्हणाले, "अगं, सीएनसी नव्हतं बघ त्यावेळी. हे हातानं केलंय. आपल्या उद्यमनगरात पण असं करणारी माणसं होती, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत." कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी आणि वर्कशॉपांनी अख्ख्या देशाला ऑइल इंजिनं दिली आणि हे त्यांनी तिथल्या आतून बघितलंय, त्यामुळे ते असं बोलले की मी ऐकून घेते. आता तरी कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे, मी त्यांना म्हटलं परत गेल्यावर एकदा बघून या, नातवंडांना पण न्या.

येताना लेक्सिंग्टनला बार्बेक्यू खाल्लं, व्हिनेगर आणि केचपवालं. आबांना वरचं कोबीचं लाल सॅलड आवडलं, मांस गोड लागलं म्हणाले.

बुधवार ते शुक्रवार, घरी

मला ऑफिस होतं. आबांनी कागदांवर आकृत्या काढल्या.

झालं असं की त्यांना मी स्टॅगर समजावून सांगत होते आणि मला नीट जमत नव्हतं. अशा गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतील अशी एकत्र बांधलेली असतात, आणि उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठं घेतात, घेर इंच-दीड इंच जास्त. का, तर ट्रॅकवर फक्त डावीकडेच वळायचंय. आबांनी चहाचा कागदी कप टेबलावर आडवा ठेवून ढकलला. रुंद तोंड बाहेरून, अरुंद बूड आतून, कप आपोआप गोल फिरत गेला. "हे एवढंच ना?" एवढंच. मग ते वजनावर आले, कुठल्या चाकावर किती वजन टाकायचं, वळणावर गाडीचं तोंड आत येत नसेल तर काय करायचं आणि मागची बाजू सुटत असेल तर काय करायचं, स्प्रिंगवरचा बोल्ट किती आटे फिरवायचा. तीन दिवस हेच. मी संध्याकाळी घरी आले की दारातच नवीन आकृती.

शनिवार, साउथ बॉस्टन, व्हर्जिनिया

घरून डरहॅम, रॉक्सबरो करत यूएस ५०१ ने वर. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, मधेच एका टपरीवर उकडलेल्या शेंगा, मिठाच्या पाण्यात, गरम. आबांनी दोन पिशव्या घेतल्या आणि सालं गाडीच्या कप होल्डरमध्ये भरली.

साउथ बॉस्टन स्पीडवे १९५७ पासूनचा, ०.४ मैलाचा. नॅसकारमधले वॉर्ड आणि जेफ बर्टन हे भाऊ याच गावचे. आणि पेटन सेलर्स, ज्याने २००५ आणि परत २०२१ मध्ये नॅसकारची राष्ट्रीय साप्ताहिक चॅम्पियनशिप जिंकली, तो याच ट्रॅकचा माणूस. ही राष्ट्रीय चॅम्पियनशिप मला फार न्यायाची वाटते, कारण त्यात देशभरातल्या छोट्या ट्रॅकांवरचे निकाल एका हिशेबात आणतात आणि कुणालाही आपलं गाव सोडून फार लांब न जाता देशात पहिलं येता येतं. फिलिप मॉरिस नावाचा ड्रायव्हर, तोही व्हर्जिनियाचाच, पाच वेळा जिंकलाय.

इथे बोलोनाचा बर्गर प्रसिद्ध आहे, बोलोना नावाच्या सॉसेजचा तळलेला जाड काप पावात. मी खाल्ला. आबांनी शेंगांवरच भागवलं.

पिट पास काढला. आणि मग आबांचा आठवडाभराचा अभ्यास कामाला आला. एका लेट मॉडेलपाशी एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी टायरभोवती टेप गुंडाळून घेर मोजत होती आणि खडूने टायरवरच लिहीत होती. तिचा मोठा भाऊ ड्रायव्हर. आठवडाभर एसी दुरुस्तीची कामं करतो, रात्री वडिलांबरोबर घरामागच्या गॅरेजमध्ये ही गाडी. स्टीलच्या पाइपांची चेसिस, वर फायबरग्लासची बॉडी, आत कंपनीने सील करून दिलेलं व्ही-एट इंजिन, ज्याचं सील तोडायचं नाही म्हणजे पैसेवाल्याला इंजिनावर लाखो उधळून पुढे जाता येत नाही. तरीही खर्च आहेच. तो म्हणाला एखादी रात्र चांगली गेली तरी बक्षिसात टायरांचे पैसे सुटत नाहीत. मग का करता, असं मी विचारलं नाही. त्याचे आजोबा तिथेच खुर्ची टाकून बसले होते, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेले, आणि आबांनी मोडक्या इंग्रजीत "लेथ, फॉर्टी इयर्स" एवढं म्हटल्यावर त्या माणसाने उठून दुसरी खुर्ची आणली. पुढचा तासभर ते दोघं काय बोलले मला नीट माहीत नाही. बोटांनी थाउजंडथ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दाखवत होते, मायक्रोमीटर फिरवल्याची खूण करत होते, मधेच हसत होते. एकदा आबांनी शेंगांची पिशवी पुढे केली आणि त्या आजोबांनी सवयीने चिमटीत दाबून शेंग फोडली, तेव्हा आबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

लेट मॉडेलच्या दोन शर्यती होत्या. पहिलीत आमचा पोरगा, आता तो आमचाच झाला होता, मधल्या घोळक्यात अडकला. वळणात गाडीचं तोंड आत येत नव्हतं, बाहेरच्या भिंतीकडे सरकत होती, हे आबांनी पाचव्या-सहाव्या लॅपलाच ओळखलं. दोन शर्यतींच्या मधे थोडाच वेळ. वडील गाडीखाली, बहीण टायरपाशी, आजोबा खुर्चीतूनच सांगतायत. मागच्या टायरमधली हवा बदलली, स्प्रिंगचा बोल्ट फिरवला, बास. दुसऱ्या शर्यतीसाठी पहिल्यातल्या पुढच्या गाड्यांना उलट्या क्रमाने मागे उभं करतात, त्यामुळे मधल्यांना संधी असते, आणि तो खरंच एकेक करत वर आला. शेवटच्या काही लॅप्सना पिवळा झेंडा पडला, सगळे परत एकत्र, परत सुरुवात, आबा उभे, मी उभी, बहीण टूलबॉक्सवर चढून उभी. चौथा आला.

चौथा म्हणजे पॉइंट्स चांगले. वडिलांनी गाडीच्या छतावर दोन थापा मारल्या आणि लगेच ट्रेलर मागे घ्यायला गेले, कारण सोमवारी कामं आहेत. जिंकलेल्या गाड्या मात्र तपासणीच्या शेडमध्ये गेल्या, तिथे अधिकारी उंची, वजन, कार्ब्युरेटर सगळं मोजतात आणि नियमात बसत नसेल तर निकाल रद्द. आबांना ते बघत थांबायचं होतं. थांबलो. पार्किंगमध्ये आमची गाडी जवळजवळ शेवटची.

हे कुटुंब सप्टेंबरच्या शेवटी मार्टिन्सव्हिलला जाणार आहे, तिथली लेट मॉडेलची ३०० ही या गाड्यांसाठी वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत, इतके लोक येतात की आधी पात्रता फेरीतून आत घुसावं लागतं. ट्रॅक ०.५२६ मैलाचा, दोन लांब पट्टे आणि टोकांना एकदम आवळलेली वळणं, आणि जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून माणसाच्या उंचीचं लाकडी घड्याळ मिळतं, १९६४ पासूनची तिथली पद्धत. मी तिकीट काढलंय. आबा तोवर कोल्हापुरात असतील, शर्यत रंगात येईल तेव्हा तिकडे पहाट झालेली असेल, पण त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय की निकाल नंतर सांग, आधी पिटमध्ये जाऊन त्या पोरीला विचार आज स्टॅगर किती ठेवलाय, आणि तेवढं मेसेज कर.